जी ९८ की जी ९९? ड्रिलिंग सायकल लिहिताना ही चूक करू नका

नमस्कार राजेहो! आज सीएनसी मशीनवर, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर, होल पाडायचे. हा ठोकळा पाहा. थ्रेशरच्या बेअरिंगखाली बसतो, जाडी ४० मिलिमीटर. यात एम १० चे सहा आरपार आटे पाडायचे, म्हणून आधी साडेआठचं ड्रिल. आमच्या हिंगणघाटकडे सोयाबीन निघायच्या आधी अशा कामाची रीघ लागते.

हातानं प्रोग्राम लिहिला तर एका होलाला दहा टोचे, प्रत्येक टोच्याला तीन ओळी. सायकल म्हणजे मशीनमधली तयार कमांड, तिच्यात एकच ओळ पुरते:

जी ९८ जी ८३ एक्स २०. वाय २०. झेड -४५. आर ३. क्यू ५. एफ १००.

जी ८३ म्हणजे टोचे मारत ड्रिल करणं, एक्स-वाय होलाची जागा, झेड खोली, आर पृष्ठभागावरची उंची, क्यू एका टोच्याची खोली आणि एफ म्हणजे फीड, ड्रिल उतरायचा वेग. पुढच्या होलांना नुसते एक्स-वाय द्या. ड्रिल पाच-पाच मिलिमीटर उतरतं, दर वेळी आर पातळीवर येऊन चिप बाहेर टाकतं. झेड ४५ का? ड्रिलचं टोक निमुळतं असतं, तेच अडीच मिलिमीटर खातं. टोक ठोकळ्याखाली पाच मिलिमीटर निघतं, तिथं त्याहून जास्त मोकळी जागा ठेवा, नाहीतर टेबलालाच होल पडेल.

आता खरी गोष्ट सांगून राहिलो. जी ९९ लिहिलं तर ड्रिल आर पातळीवरूनच, म्हणजे पृष्ठभागाच्या फक्त ३ मिलिमीटर वरून, पुढच्या होलाकडे रॅपिडमध्ये, म्हणजे मशीनच्या पूर्ण वेगात, पळतं. मधात ठोकळा धरून ठेवणारा क्लॅम्प असला तर? माझ्याकडून हेच झालं. तिसऱ्या होलावरून चौथ्याकडे जाताना ड्रिल क्लॅम्पच्या बोल्टावर आदळलं, तुकडा दरवाजाच्या काचेवर येऊन बसला. काच होती म्हणून डोळा वाचला. जी ९८ असतं तर ड्रिल सायकलच्या आधीच्या उंचीवर, आपल्या झेड ५० वर, जाऊन मगच सरकलं असतं. सपाट, मोकळ्या जॉबवर जी ९९ वेळ वाचवतं, तिथं बिनधास्त वापरा.

सायकल संपली की जी ८०. विसरलात तर पुढच्या एक्स-वायवरही होल पडतं.

आट्याला जी ८४, त्यात टॅप म्हणजे आटे पाडणारं हत्यार चालतं. इथं फीड म्हणजे आरपीएम गुणिले पिच (दोन आट्यांमधलं अंतर): ३०० गुणिले दीड, एफ ४५०. आरपीएम बदलला आणि एफ तसाच राहिला, तर टॅप तुटलाच समजा. टॅप आत असताना फीडचं बटण फिरवून उपयोग नाही, जी ८४ मध्ये ते चालत नाही.

पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेक ओळ चालवत, रॅपिड २५ टक्क्यांवर लावा. पहिल्या होलावरून दुसऱ्याकडे जाताना हात फीड होल्डवर, म्हणजे सरकणं थांबवायच्या बटणावर, असू द्या आणि ड्रिलचं टोक क्लॅम्पच्या वरून जातं का ते वाकून पाहा.