अवधाण

(नाशिकमधील एका महिला मंडळात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अवधाण हा शब्द कितीजणींना आठवतो? हात वर आलेत ते सगळे पिकल्या केसांचे! पायात काटा मोडून पिकला, की जांघेत सुपारीएवढी गाठ यायची. आजी म्हणायची, ‘अवधाण आलंय, पाय बरा झाला की बसेल.’ हाताला लागलं तर काखेत. त्याच या लसिका ग्रंथी. अंगातलं नको ते अडवून धरायचं, हे त्यांचं काम.

मला त्या छप्पन्नाव्या वर्षी नव्यानं शिकाव्या लागल्या. डाव्या स्तनात गाठ लागली. आज मी ‘स्तन’ म्हणते, तेव्हा ‘छातीत’ म्हणायचे. शेजारच्या काकू माझ्यासाठी हृदयविकाराचे डॉक्टर शोधत बसल्या होत्या. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सुईनं तुकडा काढून तपासणी. कॅन्सर निघाला. गाठ दीड सेंटिमीटरची. ‘लवकर सापडली,’ डॉक्टर म्हणाले, ‘गाठ काढू, स्तन ठेवू.’ मी सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात पुढचं वाक्य आलं : ‘काखेतल्या गाठींपर्यंत पोचलाय का, ते मात्र ऑपरेशननंतरच कळेल.’

माझा धाकटा भाऊ निफाडकडं द्राक्षं करतो. बागेत माल तोडायला आलेला, तरी तो येऊन बसला. ‘सेंटिनल नोड’, म्हणजे पहारेकरी गाठ, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. तो म्हणाला, ‘ताई, पाटाला पाणी सुटलं की आधी पहिल्या चारीला लागतं. पहिलीच कोरडी असेल, तर शेवटची बघायला कशाला जायचं?’ इतकं सोपं मला कुणीच सांगितलं नव्हतं. स्तनात निळं औषध टोचतात, ते वाहत काखेत जातं, ज्या गाठी आधी निळ्या होतात त्या काढून तपासतात. काखेत अशा साधारण वीस ते तीस गाठी असतात. पूर्वी सरसकट बहुतेक सगळ्या काढायचे. त्यात साधारण पाचातल्या एकीचा हात पुढं सुजतो. मोजक्याच काढल्या तर हे प्रमाण पुष्कळ कमी.

ऑपरेशन चालू असतानाच काखेतल्या त्या गाठी गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. ‘स्वच्छ आहे.’ घरच्यांनी पेढे वाटले. (दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी झाली. आधी सांगितलं होतं, तरी मी किंचाळलेच.) पक्का रिपोर्ट नवव्या दिवशी आला : तीन गाठी काढल्या, एकीत कॅन्सरचा 1.2 मिलीमीटरचा ठिपका. म्हणजे आधी कुणी खोटं बोललं नव्हतं. घाईत मोजकेच काप बघतात. नंतर मेणात बसवून बारीक काप काढतात, तेव्हा हे सापडतं. 0.2 मिलीमीटरपर्यंत असेल तर नुसत्या सुट्या पेशी, 0.2 ते 2 पर्यंत सूक्ष्म, त्याच्यावर मोठं. माझं मोहरीच्या दाण्याएवढंही नव्हतं.

पण फोनवर सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘पसरलंय का गं?’ हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तरी खोटं.

मी डॉक्टरांना विचारलं, ‘मग उरलेल्या गाठींत आहे की नाही?’ ते शांतपणे म्हणाले, ‘माहीत नाही. आणि ते शोधण्यासाठी तुमचा हात पणाला लावायची गरज नाही.’ मला रागच आला. माहीत नाही म्हणजे काय? तीस वर्षं विज्ञान शिकवलं, मुलांना ‘माहीत नाही’ला शून्य मार्क दिले. मग त्यांनी समजावलं : असा सूक्ष्म ठिपका असणाऱ्या बायकांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. काहींच्या बाकीच्या गाठी काढल्या, काहींच्या ठेवल्या. ठेवलेल्यांचं पाच वर्षांनंतरही काही वाईट झालेलं दिसलं नाही. रेडिएशन आणि हार्मोनच्या गोळ्या, ही माझी उरलेली लढाई. त्या चारीत पाणी आहे की नाही हे आपण बघितलं नाही तरी चालते. माहीत नसताना पुढं जाणं हाही उपचाराचा भाग असतो, हे मला पचायला रेडिएशनचे दिवस पुरले नाहीत. अजूनही रात्री कधीतरी काख चाचपते.

ते नऊ दिवस मात्र वाईट होते. ‘चांगलंच होईल’ म्हणणाऱ्यांना मी टाळायचे. सोमेश्वरला धबधब्यापाशी जाऊन बसायचे, तिथं कुणी काही म्हणत नाही. रिपोर्ट घ्यायला एकट्या जाऊ नका, आपल्याला अर्धंच ऐकू येतं. माझी सून वहीत लिहून घेत होती : किती गाठी काढल्या, कितींत सापडलं, सापडलं ते किती मोठं, गाठीच्या आवरणाबाहेर गेलंय का. हे चार प्रश्न तुम्हीही लिहून ठेवा.

हात वर जायचा नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या भिंतीवर बोटं चालवायचा व्यायाम करायचे आणि रोज पेन्सिलनं खूण करायचे. आता घराला रंग द्यायचाय. मुलगा विचारतोय, ती भिंत घासू का. मी अजून उत्तर दिलेलं नाही.