पोलिश स्वार : आधी खोगीर, मग चेहरा

(पूर्ण चित्र. कॅमेरा स्थिर. आठ सेकंद निवेदन नाही.)

न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शन या संग्रहालयातलं हे चित्र डच चित्रकार रेम्ब्रांटच्या नावावर आहे. साल साधारण १६५५. रुंदी १३५ सेंटिमीटर, उंची ११७. चित्रकार व्हॅन डाइकचा घोड्यावरचा इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स साडेतीन मीटरपेक्षा उंच आहे; त्याच्यापुढे हे पोर. आज याला ‘पोलिश स्वार’ म्हणतात, पण ते नाव चित्रकाराचं नाही. स्वार कोण, यावर शंभराहून जास्त वर्षं वाद चाललाय आणि दर वेळी तो चेहऱ्यापासून सुरू होतो. आपण सामानापासून सुरू करू.

(क्लोज-अप : उजवा हात.)

मनगट उलटं वळवून हात कमरेवर टेकवलाय. मुठीतला दांडा सेनापतीचा दंड नव्हे. हा लढाईतला हातोडा, पोलिश भाषेत ‘नाद्झ्याक’. एका बाजूला बोथट डोकं, दुसऱ्या बाजूला चोच. चिलखतावर तलवारीची धार घसरते, तिथे ही चोच रुतते.

(कॅमेरा सावकाश खाली.)

आता तलवारी मोजा. दोन भरतील. डाव्या कमरेला वाकडी, आणि उजव्या मांडीखाली, खोगिरालगत, दुसरी सरळ. चित्रकाराचा घोटाळा नाही हा. वाकडी वार करायला, सरळ भोसकायला. भोसकायची तलवार इतकी लांब असे की कमरेला बांधली तर पायउतार झालेल्या माणसाला धड चालता येईना. म्हणून तिचं ओझं घोड्याकडे.

भाता उजव्या अंगाला, तुर्क-तातारांच्या रिवाजाने. त्याच्याजवळच धनुष्य. १६५५ मध्ये हॉलंडचा घोडेस्वार खोगिराला पिस्तुलं लावून फिरत होता; तिरंदाजी तिकडे कधीच सुटली होती. अंगात बटणांची लांबच लांब ओळ असलेला अंगरखा, पोलिश ‘झुपान’. डोक्यावर केसाळ काठाची लाल टोपी. रिकीब आखूड, गुडघा वाकलेला. पाय ताणून बसणाऱ्या पश्चिमी सरदाराची मांड अशी नसते. आणि घोड्याच्या हनुवटीखाली लोंबतंय ते बघा : दुसऱ्या घोड्याची शेपटी. तीही पूर्वेकडची मिरवणूक.

क्राकोवचे शस्त्रअभ्यासक झ्जिस्वाव झिगुल्स्की यांनी १९६५ मध्ये यातली एकेक वस्तू तपासली आणि पोलंड-लिथुआनियाच्या हलक्या घोडदळाशी जुळवून दाखवली. आमच्या मते या चित्रावरचं सर्वांत भक्कम काम तेच.

अॅमस्टरडॅममधल्या माणसाला हे सामान दिसणं अवघड नव्हतं. बाल्टिकचं धान्य ग्दान्स्कहून तिथे उतरत होतं, त्यामागून माणसंही येत होती. रेम्ब्रांटला स्वतःला शस्त्रं जमवायचा नाद. १६५६ मध्ये दिवाळं निघालं तेव्हाच्या मालमत्तेच्या यादीत ती सापडतात. याच सुमाराला त्याने मुघल लघुचित्रं समोर ठेवून रेखाटनंही केली. अशी वीसेक आज उरलीत, त्यांत शाहजहानही आहे.

(क्लोज-अप : घोड्याचं डोकं, मग पाय.)

घोडा मात्र अडवतो. डोकं कवटीसारखं, अंगावर मांस बेताचं. रेम्ब्रांटचंच म्हणून मानलेलं एक रेखाटन जर्मनीत डार्मश्टाटला आहे : सांगाड्याच्या घोड्यावर सांगाड्याचा स्वार. कला-इतिहासकार युलियस हेल्ड यांनी १९४४ मध्ये त्याचा हवाला देत हा घोडा हाडांच्या सापळ्यावरून घेतला असावा असं मांडलं, आणि स्वाराला ‘ख्रिस्ताचा शिपाई’ ठरवलं. घोड्याच्या चालीवरूनही बरेच निकाल दिले जातात. ते देण्याआधी तळ बघावा. कॅनव्हासची खालची पट्टी मूळची नाही, नंतर जोडलेली आहे. खुरांबद्दल रेम्ब्रांटला जाब विचारता येत नाही.

बाकी दावेदार भराभर सांगतो : बायबलमधले उधळ्या पुत्र आणि तरुण दावीद, शिवाय तैमूरलंग. पोलंडमध्ये याला ‘लिसोव्चिक’ म्हणत. ते पगाराविना लुटीवर जगणारे स्वार, आपल्याकडचे पेंढारीच म्हणा. पण त्यांची पथकं १६३६ मध्येच मोडीत काढली होती. उरतो लायडनला शिकलेला लिथुआनियाचा सरदारपुत्र मार्चियान ओगिन्स्की. चित्र पुढे त्याच घराण्यात सापडतं, म्हणून हा दावा वजनदार. तरी पैसे मोजून काढून घेतलेल्या चित्रात घराण्याचं चिन्ह कुठेच नसावं, हे पटत नाही.

(महालाचं दृश्य : वॉर्सा, वाझेन्की.)

१७९१ मध्ये मिखाव ओगिन्स्कीने चित्र पोलंडच्या राजाला, स्तानिस्वाव ऑगस्टला पाठवलं. सोबत पत्र : महाराज, रेम्ब्रांटने घोड्यावर बसवलेला एक कोसॅक पाठवतो आहे. माझ्याकडे असताना या घोड्याने ४२० गुल्डनचा चारा खाल्ला. बदल्यात त्याच मापाने संत्र्याची झाडं फुलतील, ही अपेक्षा.

पुढे चित्र जिकूफच्या तार्नोव्स्की घराण्याकडे गेलं. तिथे १८९७ मध्ये डच कला-इतिहासकार अब्राहम ब्रेडियस यांनी ते पाहिलं, आणि पुढच्याच वर्षी अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ते सगळ्यांसमोर आलं. १९१० मध्ये पोलादसम्राट हेन्री क्ले फ्रिकने ६०,००० पौंडांना घेतलं. पोलंडमध्ये गहजब झाला. जिकूफचा वाडा १९२७ मध्ये जळाला.

१९८४ मध्ये हे चित्र रेम्ब्रांटचं नसून त्याचा शिष्य विलेम ड्रोस्टचं असावं, अशी शंका निघाली. नंतर रेम्ब्रांटचे अभ्यासक एर्न्स्ट व्हान द वेटेरिंग यांनी मध्यम मार्ग काढला : सुरुवात रेम्ब्रांटची, काही भाग दुसऱ्या हाताचे. फ्रिकने पाटी बदलली नाही.

(क्लोज-अप : उजवीकडच्या अंधारात शेकोटी, भोवती इवलीशी माणसं. मग स्वाराचा चेहरा.)

२०२२ मध्ये, फ्रिकच्या इमारतीचं काम चालू असताना, चित्र १९१० नंतर पहिल्यांदा पोलंडला आलं आणि वाझेन्कीतच, राजाच्या महालात, टांगलं गेलं.

(महालाच्या बागेतली जुनी संत्रीशाळा. आवाज बंद.)