दुसरी वायर

अध्यक्ष मघाशी म्हणाले, आजचा विषय तांत्रिक आहे. घाबरू नका. ‘घरच्या फायबर इंटरनेटचा दर कोण ठरवतं?’ हा विषय मीच दिलाय आणि उत्तर मुद्दामच शेवटी ठेवलंय. नाहीतर मागच्या दोन रांगा मध्येच उठतात, हा अनुभव आहे.

आधी काच, कारण फायबर म्हणजे काचेचा तंतू. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम या अभियंत्यांनी मांडलं, की किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक भाग प्रकाश जरी उरला, तरी काचेच्या तंतूतून बोलणं पाठवता येईल. तेव्हाच्या काचेत तेवढाही उरत नव्हता. १९७० मध्ये कॉर्निंग या अमेरिकन काच कंपनीने तो पल्ला गाठला. आजच्या तंतूत किलोमीटरनंतर शंभरातले पंचाण्णव भाग उरतात. काओंना नोबेल मिळायला २००९ उजाडलं. माझ्या तक्रारीची दखल त्याहून लवकर घेतली गेली, हे मान्य करायला हवं.

तर ती तक्रार. सात वर्षं मी एकाच कंपनीचा गिऱ्हाईक. एक दिवस कळलं, वरच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूला तोच वेग, तीच कंपनी, आणि बिल माझ्या जवळजवळ निम्मं. फोन लावला. पलीकडचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, “सर, ती ऑफर नव्या ग्राहकांसाठी आहे.” म्हटलं, मग मला नवा समजा. म्हणाला, “सर, राउटर एकदा बंद करून चालू करता का?” हसू नका, मी केलाही! दिवे गेले, ‘लॉस’चा, म्हणजे सिग्नल नसल्याचा, लाल दिवा लुकलुकला, मग सगळं हिरवं झालं. बिल तेवढंच राहिलं.

पुढे महिनाभराने जिन्यात ड्रिलचा आवाज आला. दुसऱ्या कंपनीचा माणूस शिडीवर चढून वायर ओढत होता. प्रत्येक मजल्यावर त्याने एकेक वेटोळं खिळ्याला अडकवलं आणि तो निघून गेला. त्याच आठवड्यात माझ्या जुन्या कंपनीचा फोन: “सर, आपण आमचे जुने, विश्वासू ग्राहक...” वेग दुप्पट, बिल कमी. सात वर्षं न सापडलेला माझा विश्वासूपणा एका ड्रिलने शोधून काढला.

वेगावरून आठवलं. एमबीपीएसमधला बी म्हणजे बिट, बाइट नव्हे. आठाने भागा, मग फाइल किती वेळात उतरेल ते कळेल. आणि राउटर कपाटामागे ठेवून कंपनीला शिव्या देऊ नका. आमच्या घरी तो शोभेच्या बरणीमागे होता. बरणी कुणी ठेवली, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, मग पळतो.

काच स्वस्त आहे. महाग आहे ते खणणं, खांब, परवानग्या, जिना चढणारा माणूस. हा खर्च एकदाच होतो. मग त्याच वायरवर वेग वाढवायला बहुतेक वेळा दोन्ही टोकांची यंत्रंच बदलावी लागतात. जीपॉन या घरोघरी फायबर पोचवण्याच्या पद्धतीत सेकंदाला अडीच गिगाबिटची एक वाट बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलेली असते. बत्तीसही घरांनी एकदम ओढलं, तर वाट्याला अठ्ठ्याहत्तर एमबीपीएसच्या आसपास. तसं सहसा होत नाही, म्हणून धंदा चालतो. तेव्हा तुमचं बिल खर्चावरून कमी ठरतं, आणि तुमच्या दारात दुसरी वायर आहे की नाही, यावरून जास्त.

पण प्रत्येक कंपनीने तोच रस्ता पुन्हा खणायचा? स्टॉकहोम शहराने १९९४ मध्ये स्टोकाब नावाची स्वतःची कंपनी काढली. ती नुसती काच टाकते आणि हव्या त्या कंपनीला सारख्याच अटींवर भाड्याने देते. घरोघरी इंटरनेट विकत नाही. खड्डा एक, दुकानं अनेक. यात कुणी म्हणेल, काचेचा एकच मालक झाला की तो सुस्तावेल. खरंय, म्हणून भाड्याचे दर उघडे हवेत. यावर बोलायला अर्धा तास हवा होता, तो बरणीने खाल्ला.

दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन, अर्थातच, मी घेतलं नाही. ते वेटोळं अजून माझ्या दाराबाहेर लटकतंय. मागे रंगारी आला तेव्हा ते कापू का म्हणून विचारत होता. मी त्याच्या हातातली पकड काढून घेतली.