पालथ्या पातेल्याखालचा जीपीएस

(ध्वनी: पदेराच्या सायकलीचा भोंगा, लांबून जवळ येत. दृश्य: पोफळींच्या कुळागरातली पायवाट, सकाळ.)

हा भोंगा ऐकलात? पदेर, म्हणजे आमचा पाववाला, वाड्यावर आला. आता तो आंब्यापाशी एकदा वाजवेल, मग आमच्या गडग्याला लागून येईल. चिऱ्याच्या गडग्याजवळ भोंग्याचा आवाज जरा जाड होतो. तो जाड झाला की मी पाव घ्यायला निघतो. सात पावलं, डावीकडे तुळस, मग फाटक. एवढ्यासाठी मला कुठलाही उपग्रह लागत नाही. उपग्रह लागतो तो फाटकाबाहेर.

मी सावईवेऱ्याच्या बाजूचा. हार्मोनियम शिकवतो, आठवड्यातून दोन दिवस फोंड्याला, एक दिवस पणजीला. अठराव्या वर्षी नजर गेली, त्याला आता तीस वर्षं होतील. कॅमेरा भाचीच्या हातात आहे. चित्र तिचं, बडबड माझी. दोन्ही जुळलं नाही तर तिला धरा.

गेल्या महिन्यात मी खिशात मावणारा, ब्लूटूथनं फोनला जोडला जाणारा जीपीएस रिसीव्हर, म्हणजे उपग्रहांचे सिग्नल ऐकून आपली जागा काढणारं यंत्र, शोधायला लागलो, तेव्हा ही म्हणाली, "मामा, फोनमध्ये जीपीएस आहे की. वेगळा कशाला?"

प्रश्न रास्त आहे. 2018 पासून दोन फ्रिक्वेन्सींवर उपग्रह ऐकणारे फोन बाजारात आलेत. भिंतीवर आपटून उशिरा पोचलेला सिग्नल कुठला आणि थेट आलेला कुठला, हे ओळखायला त्यांना सोपं जातं. असा फोन ज्याच्याकडे आहे आणि जो तो हातात धरून चालू शकतो, त्यानं वेगळ्या रिसीव्हरवर पैसे घालवू नयेत.

पण माझे हात मोजा. उजव्यात काठी. जून ते सप्टेंबर डाव्यात छत्री. जास्तीचे हात देवांना असतात, पेटीमास्तरांना नाही. म्हणून फोन खिशात जातो, आणि खिशातल्या फोनचं अर्धं आभाळ माझ्याच अंगानं झाकलेलं असतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून बोलतात. जमिनीपर्यंत पोचेस्तोवर तो आवाज इतका क्षीण होतो की ओली पानं, पत्र्याचं छप्पर, पाण्यानं भरलेला माणसाचा देह, काहीही त्याला अडवतं. रिसीव्हर मात्र पिशवीच्या पट्ट्याला, खांद्यावर बसतो. शिवाय फोनची बॅटरी वाचते. रात्री कार्यक्रम संपल्यावर फोन मेला, तर नकाशा राहू दे, घरी कळवायचीही सोय उरत नाही.

(दृश्य: दुकानाचा काउंटर. काचेवर दोन छोटी काळी यंत्रं.)

दुकान पणजीतलं. दुकानदार उत्साही. "हा बघा, दहा हर्ट्झचा. सेकंदाला दहा वेळा जागा सांगतो." मी सेकंदाला जेमतेम मीटरभर चालतो. दहा वेळा बोलून तो मला काय सांगणार, दहा सेंटिमीटर पुढे आलास म्हणून? ती चाल विमानांची आणि शर्यतीतल्या गाड्यांची. मला सेकंदातून एकदा पुरे.

मग अचूकतेचा आकडा आला. खोक्यावरचा आकडा उघड्या माळावरचा असतो, आणि मी राहतो कुळागरात. तो मी सोडून दिला आणि विचारलं, "चालू झालं हे कसं कळतं?"

"एकदम सोपं. निळा दिवा लुकलुकला की फोनला जोडलं. हिरवा लुकलुकला की उपग्रह मिळाले. लाल झाला की बॅटरी संपत आली."

मग तो गप्प झाला. बराच वेळ. मला हसू आलं, मग त्यालाही.

दोन्ही यंत्रं मी हातात घेतली. पहिल्याला एक गोल बटण. तीन सेकंद दाबलं की चालू, पुन्हा तीन सेकंद दाबलं की बंद. बोटाला दोन्ही सारखंच लागतं. ना बीप, ना थरथर. पिशवीत कुणाचा धक्का लागला तर ते चालू आहे की बंद, देव जाणे. दुसरं जुन्या घडणीचं, जरा जाड, पण कडेला सरकणारा खटका. वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद. अंगठा फिरवला की कळलं. पावसापाण्याला मात्र पहिलं टिकणारं, आणि अमेरिकी जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास उपग्रहही ऐकणारं. दुसऱ्याला दोन्ही नाही. कागदावर बघाल तर निवड करायला काही उरतच नाही. दुकानदार ओळखीचा, त्यानं दोन दिवसांच्या बोलीवर दोन्ही घरी दिले.

(दृश्य: अंगण. जमिनीवर दोन रिसीव्हर, शेजारी भाताचं पातेलं.)

रिसीव्हर दर सेकंदाला फोनकडे मजकुराच्या ओळी पाठवत असतो. एनएमईए 0183 नावाची ती ठरलेली बोली आहे. तिच्यातल्या एका ओळीत एक अक्षर येतं, ए किंवा व्ही. ए म्हणजे ही जागा धरून चाला. व्ही म्हणजे धरू नका. उंचीसकट जागा काढायला निदान चार उपग्रह लागतात. ते सुटले की ए चा व्ही व्हायला हवा आणि माझ्या कानात ते पडायला हवं. डोळस माणसाला नकाशा चुकला तरी समोरचा रस्ता दिसतो. मला फक्त हा आवाज. म्हणून माझ्या लेखी खरी परीक्षा एकच: याला कळेनासं झालं, तर हा कबूल करतो का?

पातेलं पालथं घातलं रिसीव्हरवर. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली, तेही रेकॉर्ड झालंय. आभाळ बंद झालं. पण ब्लूटूथ जवळच्या फोनपर्यंत काठाखालच्या फटीतून पोचतं. मग फोन हातात घेऊन ऐकत उभा राहिलो.

खटकावाला पाच-सहा सेकंदांत थांबला. फोन म्हणाला, "उपग्रह नाहीत."

बटणवाला बोलत राहिला. "तुळस, चार मीटर. तुळस, चार मीटर." पातेल्याखाली बसून, शांतपणे, कुठलाही उपग्रह नसताना. जवळजवळ अर्धा मिनिट.

(विराम. ध्वनी: पातेलं उचलल्याचा आवाज.)

हा रोग मला जुना. 2008 साली माझ्याकडे नोकियाचा बटणांचा फोन होता आणि त्यात लोडस्टोन नावाचा फुकट प्रोग्राम. कॅनडातल्या दृष्टिहीन प्रोग्रामरांनीच तो लिहिलेला. नकाशा वगैरे काही नाही. आपण चालत जायचं, बिंदू नोंदवायचे, मग तो त्यांचं अंतर आणि दिशा सांगायचा. त्या फोनांत बहुधा जीपीएस नसेच, म्हणून काडेपेटीपेक्षा थोडा मोठा रिसीव्हर वेगळा घ्यावा लागे. माझा रिसीव्हर मोटारींसाठी घडवलेला. सिग्नलला उभी गाडीही इकडेतिकडे सरकल्यासारखी वाटते, म्हणून त्या काळच्या बऱ्याच चिपांत एक सोय असायची: वेग फार कमी झाला की गाडी उभी आहे असं समजून जागा गोठवून टाकायची. काठी टेकत चालणारा मी त्या चिपेच्या हिशेबी उभी गाडी. चालतोय, चालतोय, जागा तीच. मग एकाएकी वीस मीटरची उडी. संगणकावरून ती सोय बंद करता यायची, पण ते माहीत व्हायला मला दीड वर्ष लागलं. तोवर मी स्वतःलाच दोष देत होतो, मास्तर, तुमचं दिशेचं भान गेलं म्हणून.

तेव्हा कुणी जुना रिसीव्हर स्वस्तात देत असेल तर हळू चालून बघा, अगदी कासवासारखं. आणि तारीखही बघा. जीपीएस आठवडे मोजतं आणि 1024 झाले की पुन्हा शून्यापासून सुरू करतं. असा शून्य एप्रिल 2019 मध्ये येऊन गेला, आणि काही जुनी यंत्रं तेव्हापासून जवळजवळ वीस वर्षं मागं जगतायत.

(दृश्य: कुळागर, पोफळींचे शेंडे, मध्ये आभाळाचे तुकडे.)

फाटकाचा बिंदू घ्यायला मला चार खेपा लागल्या. अक्षांशातला दशांशाचा चौथा आकडा एकानं हलला की जमिनीवर अकरा मीटर होतात. सकाळी फाटक रस्त्यावर, दुपारी विहिरीत, संध्याकाळी शेजाऱ्यांच्या गोठ्यात. उपग्रह फिरत असतात, पोफळींच्या झावळ्यांमधून कधी हे दिसतात कधी ते. चारही वेळांची सरासरी काढली तेव्हा कुठे फाटक फाटकापाशी आलं. हे करावंच लागतं, कारण आमच्याकडचे पत्ते हे असे: देवळामागे, पिंपळ सोडून तिसरं घर. असला पत्ता नकाशात शोधून सापडत नाही.

खटकावाल्याला एक जमेची बाजू निघाली. त्याला आपल्या गगन व्यवस्थेचे, म्हणजे जीपीएसची चूक कमी करणारे, सुधारणा-संदेश ऐकता येतात. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं विमानांसाठी उभारलेली ही सेवा जीसॅट-8, जीसॅट-10 यांसारख्या उपग्रहांवरून येते. ते एका जागी स्थिर, गोव्यातून दक्षिणेकडे उंचावर. मोकळ्यावर फरक जाणवतो. झाडाखाली फार नाही.

जोडणीचा ताप वेगळाच. आयफोनला कुठलाही ब्लूटूथ रिसीव्हर चालत नाही. अ‍ॅपलच्या मान्यतेचाच लागतो, गार्मिन ग्लो किंवा बॅड एल्फसारखा. माझा फोन अँड्रॉइड. त्यात डेव्हलपरचे पर्याय उघडून, बाहेरची जागा खरी मान असं फोनला सांगावं लागतं. ते पर्याय उघडायला सेटिंगमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारायची. टॉकबॅक, म्हणजे पडदा वाचून दाखवणारी सोय, चालू असताना प्रत्येक टिचकी दोनदा मारावी लागते. म्हणजे चौदा. मी मोजल्या.

आणि एक, विमानानं येणाऱ्यांसाठी. रिसीव्हर उपग्रहाचं फक्त ऐकतो. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं वेगळी. ती भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. दिसायला दोन्ही भावंडंच, तेव्हा खोका आणि माहितीपत्रक जवळ ठेवा.

(ध्वनी: बस. कंडक्टरचा आवाज: "फुडें वच, फुडें वच!")

फोंडा ते पणजी. खटकावाला खांद्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत, कारण पाऊस लागलाय. प्लास्टिकमधून सिग्नल बिनदिक्कत येतो. एका कानात आवाज, दुसरा कान बसच्या आवाजाकडे. फर्मागुढी. म्हार्दोळ. मंगेशी. कुंडईच्या उताराला माझं पोट आधी सांगतं, रिसीव्हर नंतर. बाणस्तारीचा पूल. जुन्या गोव्यापुढे माझा नेहमीचा प्रश्न असतो: आज बस रायबंदरवरून की बायपासनं? पूर्वी शेजारच्याला विचारायचो. आज आवाज म्हणाला, "रायबंदर." मी काही बोललो नाही, पण मनात म्हटलं, आता पुढं तो जुना बांधाचा रस्ता, खिडकीतून खाऱ्या पाण्याचा वास येईल. आला.

(दृश्य: पणजी, बसस्थानकाकडून खाडी ओलांडून मळ्याकडे जाणारी वाट. खणलेला रस्ता.)

इथं उतरून थांबलो की रिसीव्हर थोडा मुका होतो. उभ्या माणसाचं तोंड कुठं आहे ते त्याला कळत नाही. दोन जागा मिळाल्या तरच दिशा निघते. म्हणून पहिली दहा पावलं मी अंदाजानं टाकतो, मग तो म्हणतो, "वर्ग, घड्याळाचे अकरा, दोनशे मीटर." अकरा म्हणजे समोरून जरा डावीकडे. वाटेत कुणीतरी रस्ता उकरलाय. पत्रे लावलेत, पण पत्र्यांच्या दोन तुकड्यांत माणूस जाईल एवढी जागा. ती काठीनं सापडली. उपग्रहाला खड्डा दिसत नाही.

गल्लीत शिरल्यावर आकडे नाचायला लागले. बारा मीटर, वीस मीटर, नऊ. मग एक वाक्य, "उपग्रह कमी," आणि गप्प. मी थांबलो, भिंतीला हात लावला. ओला चुना. पुढे तीन पायऱ्यांचा ओटा, मग लाकडी जिना. वर कुणीतरी माझ्या आधी येऊन काळी चार धरून बसलंय, भाता जोरात मारतंय.

"मामा," भाची मागून म्हणाली, "दिवा लाल लुकलुकतोय."

"कधीपासून?"

"काय माहीत. मी चित्र घेत होते."

अंगठ्यानं खटका खाली केला आणि जिना चढायला लागलो.