पट्टी उतरली, आवाज जड झाला

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीची चवथ नुकतीच सरली आहे, आरतीला वाजणाऱ्या घुमट या वाद्याचा नाद अजून कानात असेल. अशा दिवसांत मी आज हेवी मेटलबद्दल, म्हणजे गिटारच्या जड, मोठ्या आवाजाच्या रॉक संगीताबद्दल बोलणार आहे. गोव्यात गिटार काही नवी नाही. मडगाव-म्हापशाकडे कितीतरी घरांत ती भिंतीवर टांगलेली असते, आणि इकडे फोंड्याच्या बाजूला पेटी असते तशीच तीही आता मुलांच्या हातात आली आहे. मुलगा खोलीचं दार लावून मोठ्या आवाजात काहीतरी वाजवतो, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, हा कसला गोंगाट! त्या मोठ्या माणसांसाठी मी आज बोलतोय. मुलांनीही ऐकावं.

हे संगीत वाजवणाऱ्या ज्या बँडबद्दल आज बोलायचंय त्याचं नाव ब्लॅक सॅबथ. पुन्हा सांगतो, ब्लॅक सॅबथ. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम शहर, त्यातला अ‍ॅस्टन हा कामगारांचा भाग. चार मुलगे. टोनी आयोमी गिटारवर, गीझर बटलर खालच्या स्वरांच्या बेस गिटारवर, बिल वॉर्ड ड्रमवर आणि गायला ऑझी ऑसबर्न. चौघंही 1948-49 सालात जन्मलेले. महायुद्धातल्या बाँबनी पडलेल्या इमारती त्यांच्या लहानपणी तशाच पडून होत्या, आणि आजूबाजूला धातू ठोकणारे, कापणारे, वाकवणारे कारखाने. ऑझीनं कत्तलखान्यात काम केलं, मोटारीचे हॉर्न तपासायचं काम केलं, चोरी करून काही आठवडे तुरुंगातही राहून आला. गीझर हिशेबनिशी शिकत होता. आणि टोनी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा.

या टोनीची गोष्ट मला सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय हे संगीत असं का वाजतं ते कळणार नाही.

साल 1965. टोनी सतरा वर्षांचा. गिटार बरी वाजवायला लागला होता आणि एका बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलं होतं. त्यासाठी त्यानं कारखान्याची नोकरी सोडली. शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला तो घरी आला आणि आईला म्हणाला की आता परत जात नाही, झालं तेवढं पुरे. आईनं ऐकलं नाही. घेतलेलं काम अर्धवट टाकायचं नाही, दिवस पुरा करून ये, असं तिनं सांगितलं. आपल्याकडची कुठलीही आई हेच सांगेल, आणि त्यात तिची काही चूक नाही. टोनी परत गेला.

आता त्या कारखान्यात काय चालायचं ते ऐका. आधी एक माणूस प्रेसवर पत्रा दाबायचा, वाकवायचा, आणि तो तुकडा पुढे टोनीकडे वेल्डिंगला यायचा. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आलाच नाही. मग टोनीला त्या मशीनवर उभं केलं. त्यानं ते मशीन आधी कधी चालवलेलं नव्हतं. प्रेस खाली आला, हात आत राहिला, आणि कुणीही करील तसा त्यानं हात झटक्यात मागे ओढला. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं आतच राहिली.

उजवा हात, मधली दोन बोटं. हे लक्षात ठेवा. टोनी डावखुरा. उजव्या माणसाची डावी बोटं तारा दाबतात, तशी डावखुऱ्याची उजवी. म्हणजे ज्या बोटांनी स्वर निघायचे, नेमकी त्याच बोटांची टोकं गेली. जर्मनी राहिलं बाजूला. डॉक्टरांनी सांगितलं, गिटार विसर.

इथे मला थोडं थांबून एक बोलायचंय. वेर्ण्याला, कुंडईला, पिसुर्ल्याला आत्ता रात्रपाळीवर रेडिओ ऐकत असलेले कामगार असतील. मशीनला गार्ड असतो. काम लवकर उरकावं म्हणून तो काढून ठेवतात, आणि नवख्या पोराला "बघत बघत शीक" म्हणून मशीनसमोर उभं करतात. हे करू नका. करायला सांगितलं तर नाही म्हणा. सुपरवायझरांनो, तुम्हीही ऐका. बदली माणूस आला नाही तर मशीन एक दिवस बंद राहू दे. एक दिवसाचं उत्पादन भरून काढता येतं, बोट येत नाही. टोनीनं त्यातूनही वाट काढली म्हणून आपण त्याची गोष्ट सांगतो. ज्यांना वाट सापडली नाही अशांची गोष्ट रेडिओवर कुणी सांगत नाही.

तर टोनी घरी बसला होता. मन पार खचलेलं. एक दिवस कारखान्याचा मॅनेजर त्याला भेटायला आला. हातात एक रेकॉर्ड. म्हणाला, हे लाव. टोनीला गिटार ऐकायचीच नव्हती. त्या अवस्थेत कोण ऐकेल? पण त्या माणसानं आग्रह धरला. रेकॉर्ड लागली. गिटार अशी धावत होती की कुणालाही हेवा वाटावा. मग मॅनेजरनं सांगितलं, हा वाजवणारा फक्त दोन बोटांनी स्वर काढतो.

त्या वाजवणाऱ्याचं नाव जँगो राइनहार्ट. बेल्जियममध्ये जन्मलेला, फिरत्या रोमा समाजातला, युरोपच्या जॅझमधलं फार मोठं नाव. 1928 साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली, डावा हात भाजला आणि करंगळी नि तिच्याशेजारचं बोट जवळजवळ निकामी झालं. उरलेल्या दोन बोटांनी त्यानं नव्यानं वादन बसवलं.

मला या गोष्टीत सगळ्यांत जास्त तो मॅनेजर आवडतो. तो काही संगीतकार नव्हता. "काळजी करू नकोस, होईल सगळं ठीक" एवढं बोलून तो निघून गेला असता तरी कुणी त्याला नावं ठेवली नसती. त्यानं विचार केला, रेकॉर्ड शोधली, ती घेऊन त्या मुलाच्या घरी गेला. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण शहाळं नेतो, केळी नेतो. तो जँगो घेऊन गेला.

टोनी उठला. भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली घेतली, फेअरी लिक्विडची. ती वितळवली, तिचा गोळा केला. तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननं त्या गोळ्यात बोट जाईल एवढं भोक पाडलं. मग बसून पॉलिश पेपरनं घासत राहिला, घासत राहिला, इतका की बोटाच्या टोकासारखी टोपी तयार झाली. बोटात घातली. पण प्लास्टिक तारेवरून घसरायला लागलं. मग एक जुनं चामड्याचं जाकीट होतं, त्याचा तुकडा कापून टोपीवर चिकटवला. आता तार धरता येऊ लागली. दोन बोटं, दोन टोप्या. साबणाची बाटली आणि जुनं जाकीट.

पण बोटाला तार जाणवत नाही, श्रोतेहो. टोपीच्या आत बोट आहे, पण तार कुठे आहे, किती दाबली, हे त्वचेला कळत नाही. ते सगळं कानानं ठरवायचं. आणि त्या काळच्या तारा जाड. जाड तार दाबायला, खेचायला जोर लागतो आणि दुखऱ्या बोटांना तो सोसत नव्हता. हलक्या तारांचे संच तेव्हा सहज मिळत नसत. म्हणून त्यानं बँजोच्या बारीक तारा आणून गिटारवर चढवल्या. तेही पुरेसं होईना, तेव्हा पुढे त्यानं तारा सैल सोडल्या.

पेटी वाजवणाऱ्यांना मी त्यांच्या भाषेत सांगतो. गिटारची सगळ्यांत जाड तार नेहमी पांढरी तीनला लावतात. 1971 च्या तिसऱ्या अल्बममधल्या काही गाण्यांसाठी टोनीनं ती काळी एकपर्यंत उतरवली. गीझरनंही बेस तेवढाच उतरवला. तार सैल झाली की बोटाला त्रास कमी, पण स्वरही खाली जातो. तार सैल, स्वर खाली, आवाज जड. पुन्हा सांगतो. तार सैल, स्वर खाली, आवाज जड. आज जगभरातले हेवी मेटलवाले गिटारच्या पट्ट्या उतरवतात, ती चाल बऱ्याच अंशी इथून निघाली. आणि तिच्या मुळाशी एका कामगाराची दुखरी बोटं आहेत.

म्हार्दोळला माझ्या ओळखीचे एक जुने पेटीवाले आहेत, देवळात भजनाला साथ करतात. त्यांना मी या बँडचं अगदी पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं ऐकवलं. गाण्याचं नाव बँडचंच. सुरुवातीला पाऊस, ढगांचा गडगडाट, दूरवर वाजणारी घंटा, आणि मग गिटारचे तीनच स्वर. त्यांनी पेटी पुढे ओढली, पांढरी पाचला षड्ज धरला आणि लगेच स्वर काढून दाखवले. खालचा सा, वरचा सा, आणि मधे येऊन तीव्र मध्यम. तिथेच थरथरत थांबायचं. ते म्हणाले, अहो, पंचमाला शिवतच नाही हा, मारव्यासारखा अंगावर येतो.

युरोपात या स्वरांच्या अंतराला सैतानाचं अंतर म्हणत. जुने संगीतकार ते जपून वापरायचे. आपल्याकडे मात्र सा आणि तीव्र मध्यम ही जोडी रोजच्या संध्याकाळची. यमनात ती आहे, पुरियात आहे, मारव्यात आहे. मंगेशीच्या आणि केरीच्या मातीतल्या गळ्यांनी हे स्वर जगाला ऐकवले. ज्याचे कान त्यावर वाढलेत त्याला ब्लॅक सॅबथ परकं वाटायचं काही कारण नाही, असं माझं ठाम मत आहे.

घुमटाचा विषय सुरुवातीला निघाला म्हणून सांगतो. यंदा काही ठिकाणी चवथीला पेन ड्राइव्हवरची आरती लावलेली मी ऐकली. घरात घुमट, शामेळ, कासाळें असताना, वाजवणारी माणसं असताना! घुमटाचा खर्ज छातीत जाणवतो, छोट्या स्पीकरमधून तो येतच नाही. पोरांना घुमट हातात द्या. ज्याला घुमटाचा ठोका कळला त्याला बिल वॉर्डचा ड्रमही कळेल.

आता बँडचा इतिहास थोडक्यात. 1968 साली चौघं एकत्र आले. काही काळ त्यांचं नाव अर्थ होतं, म्हणजे पृथ्वी. त्याच नावाचा दुसरा एक बँड निघाला, म्हणून 1969 मध्ये एका भयपटाचं नाव घेतलं. माणसं भिण्यासाठी पैसे देऊन तिकीट काढतात, तर मग भीती वाटेल असं संगीत का करू नये, हा त्यांचा विचार. पहिला अल्बम लंडनमध्ये जवळजवळ एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला आणि 13 फेब्रुवारी 1970 ला, शुक्रवारी, बाहेर आला. त्याच वर्षी दुसरा, पॅरानॉइड, आणि तो इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातलं वॉर पिग्ज हे गाणं व्हिएतनाम युद्धाच्या काळातलं. युद्ध पुकारणारे मोठे लोक स्वतः लढायला जात नाहीत, गरिबांची मुलं पाठवतात, हे त्यात स्पष्ट म्हटलंय.

सैतानाचे पूजक म्हणून त्यांच्यावर फार टीका झाली. पण बरीचशी गाणी लिहिणारा गीझर कॅथलिक घरातला. चौघांच्या गळ्यात क्रूस असायचे, आणि ते ऑझीच्या वडिलांनी, एका कामगारानं, धातूतून घडवलेले होते. 1979 मध्ये ऑझीला काढलं आणि रॉनी जेम्स डिओ आला. हाताची तर्जनी आणि करंगळी उभी करायची ती खूण मेटलवाल्यांत त्यानं रूढ केली. त्याची इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून ती करायची. आपल्या आज्या मीठ-मिरच्या घेतात, तिनं बोटं उभी केली.

मग माणसं गेली, आली, पुन्हा एकत्र आली. 5 जुलै 2025 ला अ‍ॅस्टनमधल्याच व्हिला पार्क मैदानावर मूळचे चौघं शेवटचे एकत्र वाजले. ऑझी आजारी होता, उभं राहता येत नव्हतं, आसनावर बसून गायला. त्या कार्यक्रमाचं उत्पन्न मुलांच्या रुग्णालयाला, गंभीर आजारी मुलांची काळजी घेणाऱ्या हॉस्पिसला आणि पार्किन्सन्स या आजारावरच्या संशोधनाला द्यायचं ठरलं होतं. 22 जुलैला ऑझी गेला. वय 76.

व्हिला पार्कवर टोनीनं वाजवलं तेही बोटांवर टोप्या चढवूनच.

आता 1971 च्या त्या तिसऱ्या अल्बममधलं चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह हे गाणं लावतोय. मोबाइलवर ऐकत असाल तर कानाला हेडफोन लावा, घरात मोठा रेडिओ असेल तर त्याचा बास वाढवा. सुरुवातीला गिटार हळू, दबकत येते, मग ड्रम तिला पळवायला लागतात. शब्द नाही कळले तरी चालेल. पेटी जवळ असेल तर काळी एक दाबून धरा आणि त्यावर गिटार कुठे कुठे जाते ते बघा.