'कळवतो' म्हणजे काय?

(नौपाड्यात बारावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

मंडळी, पुढे आई-बाबा, मागे भिंतीला टेकलेली मुलं आणि मुलांचे डोळे मांडीवरच्या मोबाईलमध्ये. असू द्या. यादी लागली तर मलाही सांगा.

कांदेपोह्यांचा कार्यक्रम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय. पाहुणे चपला घालता घालता म्हणतात, "कळवतो." आठवडा जातो. घरात खल सुरू होतो, पोहे तिखट झाले होते का, पोरीनं नोकरीचा विषय काढायला नको होता का. आणि खरं कारण पुष्कळदा एवढंच असतं, की पाहुण्यांनी आधी दुसरीकडे विचारलंय आणि तिकडचा निरोप यायचाय.

मी गणित शिकवायचो. ठाण्यातल्याच एका कॉलेजात नऊ वर्षं प्रवेश समितीवर होतो. १२० जागांची पहिली यादी लावली, की फी भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत खिडकीवर शुकशुकाट. कारण यादीतली पोरं मुलुंडच्या, माटुंग्याच्या, चर्चगेटच्या यादीतही असायची. त्यांचं ठरेना म्हणून आम्ही गप्प, आणि आम्ही गप्प म्हणून कळव्याचा एखादा मुलगा रात्र रात्र जागा. त्याला वाटायचं, आत आपल्या मार्कांवर चर्चा चाललीय. कसली चर्चा! आम्ही चहा पीत बसलेलो असायचो. तो आमची वाट बघत नव्हताच. तो डोंबिवलीतल्या कुठल्याशा घरी बाप-लेकाचं एकमत होण्याची वाट बघत होता, आणि हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

एका वर्षी हुशारी करून आम्ही जागांपेक्षा जास्त नावं लावली. त्या वर्षी नेमके सगळे आले. प्रयोगशाळेत स्टुलं कमी पडली. प्राचार्य काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

हाच गुंता डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६२ साली 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'मध्ये सात पानांत सोडवला. लेखाच्या नावात कॉलेजचे प्रवेश आणि लग्न, दोन्ही आहेत. तेव्हा कांदेपोहे मी उगाच नाही काढले. त्यांची रीत अशी. प्रत्येकानं आपल्या पहिल्या पसंतीकडे जायचं. कॉलेजनं जागा असतील तेवढे चांगले उमेदवार धरून ठेवायचे, पण 'होकार' म्हणायचं नाही, बाकीच्यांना लगेच नाही म्हणायचं. नकार मिळालेला पुढच्या पसंतीकडे जातो. तिथे तो वरचढ ठरला, तर आधी धरलेला बाहेर. हलायचं कोणी उरलं नाही, की सगळे होकार एकदम पक्के. शेवटी असा एकही मुलगा आणि असं एकही कॉलेज उरत नाही, ज्यांना हातातलं सोडून एकमेकांकडे जावंसं वाटेल. शॅप्लींना २०१२ साली अल्विन रॉथ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल २००८ मध्येच गेले होते.

आयआयटी, एनआयटीचे प्रवेश २०१५ पासून 'जोसा' या संयुक्त जागावाटप यंत्रणेतर्फे एकत्र होतात, त्याच्या पोटात हीच रीत आहे. तिथे 'फ्लोट' निवडलंत, तर मिळालेली जागा हातात राहते आणि वरच्या पसंतीचा विचारही चालू राहतो. वरची मिळाली की खालची आपोआप दुसऱ्याला. म्हणून पसंतीक्रम लिहिताना "हे काही मिळणार नाही, खाली टाकू" असलं शहाणपण नको. या पद्धतीत मनातला क्रम जसाच्या तसा लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचं नुकसान होत नाही. हे मी धीर द्यायला सांगत नाहीये, ते सिद्ध झालेलं आहे.

डिग्री कॉलेजांच्या तीन-तीन मेरिट लिस्टना मात्र हे लागू नाही, तिथे जुनाच कारभार. परदेशी अर्ज केलेल्यांचंही तसंच. अमेरिकेत पीएचडीच्या फेलोशिपचं उत्तर द्यायला पुष्कळ विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात. मार्चभर वेटिंगवरच्यांकडे सामसूम असते ती त्यामुळे. तिथेही कोणीतरी चार पत्रं उशाशी घेऊन झोपलेला असतो.

या सभागृहातही दोन जागा अडवून बसलेले असतील. हात वर करू नका. घरी जाऊन एक रद्द करा, आजच करा. मुदत संपेपर्यंत थांबलात, तर पलीकडचा तेवढे दिवस पोह्यांत तिखट शोधत बसेल.

आता प्रश्न विचारा. कटऑफ किती लागेल, हा सोडून.