आयर्विनला किती झालं? आणि समुद्राला?

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै-ऑगस्टात सांगलीत दोन माणसं भेटली की बोलणं फिरून एकाच प्रश्नावर येतं. ‘आयर्विनला किती झालं?’ म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट चढलं. चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या आठवड्यात किती घरांतली धान्याची पोती माळ्यावर चढली आणि तिथूनही हलवावी लागली, ते तुम्हाला मी सांगायला नको. पुलापाशी मोजलेल्या त्या एका आकड्यावर अख्खं शहर सामान उचलायचं की नाही ते ठरवतं.

आज बोलायचंय ते समुद्राच्या मोजमापाबद्दल. सांगलीत बसून समुद्राची कसली चौकशी, असं वाटेल. पण महाबळेश्वर-कोयनेच्या डोंगरावर कोसळणारा पाऊस येतो कुठून? पश्चिमेचं वारं अरबी समुद्रावरून वाफ भरून घेऊन येतं आणि सह्याद्रीला अडलं की इथे रिकामं होतं. त्या समुद्राच्या पोटात काय चाललंय ते कळायची सोय, खरं सांगायचं तर, पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत फारशी नव्हती.

उपग्रह होते की, असं कुणी म्हणेल. होते. पण तुम्ही मे महिन्यात भरदुपारी विहिरीत सूर मारलाय का? वरचं हातभर पाणी कोमट लागतं. पाय खाली गेले की बोटांना झणकन गार लागतं. काठावर बसून पाय सोडलेल्याला ते कळत नाही. उपग्रह हा असा काठावर बसलेला माणूस आहे. त्याला वरचं ऊन-कोमट तेवढं कळतं, खालचं नाही.

खालचं कळायला बुडीच मारावी लागते. पूर्वी जहाजं जायची. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ नावाचं ब्रिटिश जहाज जगभर फिरलं आणि साडेतीनशेच्या वर ठिकाणी थांबलं, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी दोराला तापमापक बांधून खाली सोडत गेलं. काम मोठंच होतं, पण जहाज एका वेळी एकाच जागी असणार, आणि दक्षिण महासागरात हिवाळ्यात जायला कोण धजावणार?

मग फ्लोट आले. भारदस्त मराठी नाव कुणीतरी काढलं असेल, आपण फ्लोटच म्हणू. साधारण माणसाच्या उंचीची, वीस-तीस किलोची धातूची नळकांडी, डोक्यावर एक अँटेना. या योजनेचं नाव ‘आर्गो’. ग्रीक पुराणातल्या जेसनच्या जहाजाचं ते नाव, आणि समुद्राची उंची मोजणाऱ्या उपग्रहाला ‘जेसन’ म्हणत, म्हणून ही जोडी. १९९९ च्या सुमारास पहिले फ्लोट सुटले, नोव्हेंबर २००७ मध्ये ३,००० पूर्ण झाले, आणि आता ४,००० च्या आसपास आहेत. मोटार नाही, सुकाणू नाही. प्रवाह नेईल तिकडे जायचं.

मग हे नळकांडं खाली-वर होतं कसं? मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच. कृष्णेत पोहायला शिकताना पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधलेला आठवतो? डब्याचं वजन नावापुरतं, पण पाण्यात तो जागा केवढी अडवतो! त्या जागेपुरतं पाणी बाजूला सरतं आणि आपल्याला वर रेटतं. फ्लोटच्या बुडाशी रबराची पिशवी असते. आतलं पेलाभर तेल पंपाने त्या पिशवीत ढकललं की पिशवी फुगते. वजन तेवढंच राहतं, पण अंग वाढतं आणि फ्लोट वर येतो. तेल आत ओढून घेतलं की अंग आकसतं आणि तो बुडतो. म्हणजे हा आपला डबा स्वतःच फुगवतो नि स्वतःच चेपतो.

त्याचा दिनक्रम, म्हणजे दहा दिवसांचा क्रम, ठरलेला असतो. हजार मीटर खाली जाऊन नऊ-एक दिवस नुसतं वाहत राहायचं. मग दोन हजार मीटरपर्यंत बुडी. तिथे नखाएवढ्या जागेवर दोनशे किलोचा भार असतो, एवढं ध्यानात घ्या. तिथून सावकाश, सेकंदाला दहा सेंटिमीटर या चालीने वर यायचं आणि येता येता तापमान, क्षार आणि दाब टिपत राहायचं. त्याला पाच-सहा तास लागतात. वर आला की उपग्रहाला निरोप देतो आणि परत खाली. जुने फ्लोट निरोप पोचेपर्यंत तासन्‌तास वर ताटकळायचे, नवे अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात. अशा बुड्यांची संख्या २०१२ मध्ये दहा लाखांवर गेली आणि २०१८ मध्ये वीस लाखांवर. हिंदी महासागरातल्या फ्लोटांचं काम आपल्याकडे हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था बघते, आणि आकडे चोवीस तासांच्या आत जगात कुणालाही फुकट मिळतात.

यातून काय हाती लागतं? बंगालच्या उपसागराचं घ्या. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती यांचं गोडं पाणी तिथे येऊन वर पसरतं. गोडं पाणी हलकं, खारं जड. त्यामुळे वर एक झाकण बसल्यासारखं होतं आणि वारा कितीही घुसळो, खालचं गार पाणी सहजासहजी वर येत नाही. समुद्राचा वरचा थर तापलेला राहतो, आणि वादळाला तेच हवं असतं. पृष्ठभाग २६-२७ अंश आहे एवढ्यावर भागत नाही, ऊन पाणी किती खोलवर आहे ते महत्त्वाचं. हातभरच असेल तर वादळाने घुसळल्याबरोबर गार पडतं, पन्नास-साठ मीटर असेल तर वादळाला शिदोरी पुरते. वादळाचा जोर किती वाढेल हे सांगणाऱ्यांना म्हणून ही बुडी लागते.

पण सांगलीच्या पुराचं खापर उद्या कुणी एकट्या समुद्रावर फोडायला लागला तर मी ऐकून घेणार नाही. धरणांचे दरवाजे कधी उघडायचे, पूररेषेत घरं कुणी बांधू दिली, ही कामं जमिनीवरची आहेत, त्यांना फ्लोट काय करणार?

आणखी एक टोचणी आहे. हे फ्लोट चार-पाच वर्षांत बॅटरी संपली की थांबतात, आणि बहुतेक परत आणले जात नाहीत. समुद्राची तब्येत बघणारा वैद्य स्वतःच तिथे भंगार होऊन पडतो. प्रत्येकाला शोधायला जहाज पाठवलं तर जळणारं डिझेलच जास्त होईल, हा हिशेब मला पटतो. तरी मनात खटकतंच.

परवा शेजारच्या नववीतल्या पोराला संगणकावर फ्लोटांचा नकाशा दाखवत होतो. आंध्रच्या किनाऱ्यापुढचा एक ठिपका दाबला तर आलेख उघडला. वर क्षार कमी, खाली उतरता उतरता वाढत गेलेले. “वरचं गोडं पाणी कुठलं, आजोबा?” मी नद्यांची नावं सांगायला लागलो, तर मधेच म्हणाला, “मग आपली कृष्णा? तीपण तिकडेच जाते ना?”

जाते. महाबळेश्वरला उगम पावते तिथून अरबी समुद्र साठ-सत्तर किलोमीटरवर, पण ही पूर्वेला वळून चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत इतकी धरणं आहेत, की कोरड्या साली विजयवाड्याच्या बंधाऱ्यापुढे फारसं काही उरत नाही. पण २०१९ च्या ऑगस्टात त्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडले होते. आपल्या गावभागातून गेलेलं पाणी त्या साली समुद्रात पोचलं.

पोरगं त्या ठिपक्याकडे बघत बसलं, आणि मग त्याने विचारलं, “तेव्हाचा आलेख निघेल का?”

निघतो. आम्ही शोधायला बसलोय. नमस्कार.